‘पर्सेपोलिस’ पाहिल्यावर: भीती घरात शिरते तेव्हा मुलं काय शिकतात?

सुरंगीवळेसर (वेंगुर्ला)

‘पर्सेपोलिस’ या इराणवरच्या सिनेमाबद्दल कोणी लिहिलं की क्रांती, डोक्यावरचा स्कार्फ आणि युद्ध यांवर लिहितं. मला त्यातल्या एका छोट्या प्रसंगाबद्दल बोलायचं आहे. सिनेमाची नायिका मार्जान मोठी झाली आहे, व्हिएन्नाहून परत तेहरानला आली आहे. रस्त्यावर कोणाची तरी वाट बघत उभी आहे, ओठांना लिपस्टिक. तेवढ्यात बायकांच्या पेहरावावर नजर ठेवणारी गस्तीची गाडी येताना दिसते. आता धरणार, हे तिला कळतं. जवळच पायऱ्यांवर एक माणूस बसलेला असतो. त्याचा कशाशी काही संबंध नाही. ती सरळ शिपायांकडे जाते आणि सांगते, हा माणूस मला घाणेरडं बोलला. ते त्याला उचलून गाडीत घालतात. ही सुटते. घरी येऊन आजीला हसत हसत सांगते, बघ कशी वाचले!

आणि इतका वेळ लाड करणारी, मिश्कील, तोंडाने फटकळ आजी भडकते. तुझे आजोबा तुरुंगात गेले, तुझ्या काकाचा जीव गेला, आणि तू एका निरपराध माणसाला त्यांच्या हवाली करून आलीस?

आमच्या गावच्या वाचनालयात हा सिनेमा नववी-दहावीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना दाखवला. बॉम्ब पडतात, शेजारच्या घराच्या ढिगाऱ्यात ब्रेसलेट घातलेला हात दिसतो, तिथे मुलं गप्प बसली. लिपस्टिकच्या प्रसंगाला मात्र काही जण हसले. हुशार आहे, वाचली, असं. आजी ओरडायला लागल्यावर ते हसू जे थांबलं, ते मी विसरू शकत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्जान सात्रापी १९६९ साली जन्मली, तेहरानमध्ये वाढली. तिने आपल्या लहानपणावर चित्रकादंबरी काढली आणि व्हॅन्सां पारोनो यांच्याबरोबर २००७ मध्ये तिचा अ‍ॅनिमेशनपट केला. त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं, दुसऱ्या एका चित्रपटाबरोबर विभागून. जवळजवळ सगळा काळा-पांढरा. इराणच्या राजाच्या, म्हणजे शहाच्या राजवटीची अखेर, १९७९ ची क्रांती, मग नव्या राजवटीची पकड, १९८० ते १९८८ चं इराकशी युद्ध, आणि या सगळ्यात एका मुलीचं मोठं होणं.

हुकूमशाही म्हटलं की आपल्याला तुरुंग आणि गोळीबार आठवतो. ते सिनेमात आहेच. पण सात्रापीने नेमकं धरलंय ते वेगळं. वरून आलेली भीती माणूस स्वतःजवळ ठेवत नाही, तो ती आपल्यापेक्षा दुबळ्यावर ढकलतो. आणि मुलं हे फार लवकर शिकतात. सुरुवातीला छोटी मार्जी आणि तिचे दोस्त हातात खिळे घेऊन रमीन नावाच्या मुलाच्या मागे लागतात, कारण त्याचा बाप शहाच्या गुप्त पोलिसांत, ‘सावाक’मध्ये होता. वाईट माणसाच्या मुलाला शिक्षा करायची, एवढाच त्यांचा हिशोब. आई अडवते म्हणून रमीन वाचतो. तेव्हाची मार्जी आठ-नऊ वर्षांची. लिपस्टिकच्या वेळची विशीतली. मध्ये एवढं सगळं सोसून झालं तरी तीच खोड उसळून वर आली.

म्हणून मला त्या सिनेमात आजी सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती रोज सकाळी चोळीत मोगऱ्यासारखी पांढरी सुवासिक फुलं ठेवते, अंगाला वास राहावा म्हणून. आमच्या आरवली-वेंगुर्ल्याकडच्या किती आज्या मला त्यात दिसल्या, सुरंगीचा वळेसर माळून बाजाराला निघणाऱ्या. राजकारणावर भाषण ती कधी देत नाही. नातीने कसं वागायचं एवढंच बघते.

तुम्हाला काय वाटलं? तुमच्या घरात, गावात असं काही ऐकलं असेल तर लिहा.

---

मांडवीकर (रत्नागिरी)

धागा काढल्याबद्दल आभार. माझं या सिनेमाशी वेगळंच नातं आहे. माझे बाबा तेलाच्या जहाजांवर फिटर होते. १९८४ नंतर इराण आणि इराक एकमेकांची तेलवाहू जहाजं फोडायला लागले, तेव्हा ते त्याच पाण्यात होते. होर्मुझची सामुद्रधुनी, खार्ग बेट ही नावं आम्हाला भूगोलाच्या पुस्तकाआधी आईच्या तोंडून कळली. ती रेडिओच्या बातम्यांना घरात कोणाला हूं की चूं करू द्यायची नाही. पत्र यायला आठवडेच्या आठवडे लागायचे. त्यामुळे पत्रात ‘मी सुखरूप आहे’ असं लिहिलेलं असलं तरी ते कधीचं सुखरूप, हे तारीख बघून मोजायचं.

मार्जीच्या घरातले लोक तळघरात पळतात ना सायरन वाजल्यावर, ते बघताना माझ्या मनात आलं, याच वेळी बाबा बाहेर समुद्रावर दिवे बंद करून चाललेल्या जहाजात असतील. दोन्हीकडची माणसं एकाच भीतीत. मी आजवर ते युद्ध फक्त आमच्या बाजूने, म्हणजे खलाश्याच्या घराच्या बाजूने पाहिलं होतं.

---

बांद्याचो_झील

माजी आजी पेडण्याची. लगीन होवन बांद्याक इली. तिका ह्यो सिनेमा दाखवूक व्हयो होतो, पण ती आता नाय.

प्रमाण मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांक कळात. हुकूमशाही बघायला इराणला जायची गरज नाही, बांद्याहून पत्रादेवीपर्यंत गेलं तरी पुरे. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला सुटला. तोपर्यंत तिथे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट होती. लग्नाची पत्रिका छापायची तरी ती आधी सरकारी तपासनिसाला दाखवायला लागायची. आजी सांगायची, घरात मोठी माणसं बोलत असली आणि बाहेर पावलं वाजली की विषय लगेच पावसावर नाहीतर भातावर जायचा. पोरांना कोणी काही शिकवलं नव्हतं, पण ती पण पावसावर बोलायला लागायची. मार्जीच्या शाळेत बाई सांगतात की आता देशात राजकीय कैदी नाहीत, आणि ती उभी राहून उलट विचारते. आजीच्या शाळेत असं विचारलं असतं तर रात्री घरी कोण आलं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

१५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग तिथेच पडले. बांद्यात तेव्हा काय धावपळ झाली असेल! त्यानंतर सीमा आवळली गेली आणि आजीचं माहेर हाकेच्या अंतरावर असून परदेश झालं. सण आला की ती मागच्या परड्यात जाऊन पेडण्याच्या दिशेला बघत उभी राहायची, असं माझे वडील सांगतात.

वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी त्याच वर्षी गुप्त रेडिओ सुरू केला, तोही आमच्या आंबोलीच्या जंगलातून. हे आमच्या शाळेत कोणी शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं.

---

प्रथमेश_दापोली

सिनेमा उत्तम आहे यात वाद नाही. पण एक खटकतं. मार्जीचं घर खात्यापित्यांचं. पणजोबा राजघराण्यातले, वडील गाडीवाले, मुलीला चौदाव्या वर्षी व्हिएन्नाला पाठवायची ऐपत. युद्धात आघाडीवर मेली ती गरिबांची पोरं. त्यांची गोष्ट कोण सांगणार? आणि युरोपातल्या प्रेक्षकांना ‘बघा, तिकडे किती वाईट’ असं वाटायला असे सिनेमे सोयीचे असतात. १९५१ मध्ये इराणचा पंतप्रधान मोसद्देगने तेल देशाच्या ताब्यात घेतलं आणि १९५३ मध्ये अमेरिका-ब्रिटनने त्याला पाडून शहाला बळ दिलं. हे मुळात घडलं नसतं तर पुढचं काय झालं असतं, हा प्रश्न सिनेमात पुसट आहे.

---

सुरंगीवळेसर

प्रथमेश, गरिबांच्या पोरांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. एका मुलीची गोष्ट म्हणजे सगळ्या देशाची गोष्ट नव्हे, आणि सात्रापी तसा दावाही करत नाही. पण ‘तिकडे किती वाईट’ हे मला पटत नाही. व्हिएन्नाचा भाग पुन्हा बघा. तिथे तिला भाड्याच्या खोल्यांतून हुसकतात, इराणी म्हणून तुच्छतेने बोलतात, आणि शेवटी ती थंडीत रस्त्यावर झोपते. युरोपलाही सात्रापी मोकळं सोडत नाही. एका पार्टीत ती स्वतःला फ्रेंच म्हणवून घेते, तेव्हाही आजीचा आवाज तिला टोचतोच. पुन्हा तेच: भीती वाटली की माणूस काय करतो.

शिवाय शहाच्या काळातले छळ सिनेमात येतात. सुटून आलेले कैदी मार्जीच्या घरी बसून सगळं सांगतात आणि मुलगी ऐकत असते. त्यातलेच लोक पुढे नव्या राजवटीत मारले जातात. अनूश काका, ज्याने तिला तुरुंगात ब्रेडचा हंस करून दिला, तो तसाच गेला.

---

हर्णैची_लेक

मी हा सिनेमा बघायला घाबरत होते. आमच्या घरात आई, खाला, मोठी बहीण डोक्यावर ओढणी घेतात, स्वतःच्या मनाने. असा सिनेमा गावात दाखवला की दुसऱ्या दिवशी बाजारात आमच्याकडे लोक कसे बघतील, हा विचार आधी येतो. खोटं कशाला बोलू.

पण पाहिल्यावर वेगळं वाटलं. त्यात ओढणीवर राग नाही, सक्तीवर आहे. इराणमध्ये तर सक्ती दोन्ही बाजूंनी झाली. १९३६ मध्ये रझा शहाने (सिनेमातल्या शहाचा बाप) फर्मान काढलं, बायकांनी चादोर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतची चादर, घालायची नाही. रस्त्यात पोलिस डोक्यावरून ओढून काढायचे. कित्येक म्हाताऱ्या बायका त्यामुळे घराबाहेर पडेनात. १९७९ नंतर उलटं, घातलीच पाहिजे. काढा म्हणणारा पुरुष आणि घाला म्हणणारा पुरुष, दोघांनाही बाईला विचारायची गरज वाटली नाही. २०२२ मध्ये ओढणीच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनीचा कोठडीत मृत्यू झाल्यावर तिकडे रस्त्यावर उतरलेल्या बायकांत ओढणी घेतलेल्याही होत्या, हे मी आईला व्हिडिओत दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे त्यांचं.

सुरंगी, पुढच्या वेळी दाखवाल तेव्हा हे मुलांना आधी सांगा, ही विनंती.

---

सुरंगीवळेसर

नक्की सांगेन. १९३६ चं आमच्या चर्चेत आलंच नव्हतं, आणि ते आल्याशिवाय मुलांना अर्धंच चित्र कळतं. तुम्ही वेंगुर्ल्याला याल का बोलायला? मनापासून विचारतेय.

---

आबा_राजापूर

मी सिनेमा मुलाच्या लॅपटॉपवर पाहिला. लिपस्टिकच्या प्रसंगाला बंद करायला सांगितलं आणि अंगणात फेऱ्या मारल्या. का, ते लिहितो.

आणीबाणी आली तेव्हा मी सातवीत होतो. आमचे खासदार मधु दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. घरात हे कुजबुजत बोललं जायचं. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत कशा बोलल्या, हे कोणीतरी सायकलवरून येऊन वडिलांच्या कानात सांगून गेलं होतं. मला ताकीद होती, शाळेत यातलं अक्षर काढायचं नाही. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्या काळात नसबंदीच्या ‘केसेस’ आणायचं काम शिक्षकांवरही टाकलं होतं. केस आणली नाही तर पगार अडेल, बदली होईल. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण खालच्या माणसाला कायदा झाला की नाही हे कुठे कळतं? वडिलांनी खूप दिवस टाळलं. आम्ही पाच भावंडं. शेवटी ते वर धनगरवाड्यावर गेले आणि तिथल्या एका गड्याला समजावून घेऊन आले. समजावून म्हणजे काय, गुरुजी सांगतायत म्हणून त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याला एकच मुलगी होती.

तो माणूस आमच्या पायवाटेने गावात दूध घालायला जायचा, पडवीशी दोन मिनिटं टेकायचा. त्यानंतर तो वरच्या वाटेने जायला लागला. ती वाट लांबची, पावसात शेवाळलेली. वडील सकाळी पडवीत उभे राहून वर बघायचे, तो जाताना दिसायचा. दोघांनी एकमेकांना कधी हाक मारली नाही. १९७७ ला दंडवते निवडून आले, रेल्वेमंत्री झाले, गावात पेढे वाटले. वडिलांनी पेढा घेतला आणि खिशात ठेवला.

मार्जीला ओरडायला आजी होती. माझ्या वडिलांना ओरडणारं कोणी नव्हतं. मी लहान होतो, आणि मला तेव्हा वाटलं होतं की बरं झालं, पगार सुटला.

---

मांडवीकर

आबा, वाचून सुन्न झालो. नमस्कार करतो तुम्हाला हे लिहिल्याबद्दल.

---

प्रथमेश_दापोली

आबा, मी गरिबांची गोष्ट कोण सांगणार म्हणालो होतो. तुम्ही सांगितलीत. त्या गड्याच्या मुलीला पुढे कोणी भेटलं का?

---

आबा_राजापूर

ती लग्न होऊन लांज्याकडे गेली. तिचा मुलगा आता आमच्या तालुक्यात लाइनमन आहे. मी त्याला ओळखतो. तो मला ओळखतो की नाही, हे मी विचारलेलं नाही. विचारायला हवं, हे या धाग्यामुळे ठरवलं आहे.

---

दहावी_वेंगुर्ला

मी त्या दिवशी वाचनालयात होते. हसणाऱ्यांत मीपण होते. मॅडमनी धागा दाखवला म्हणून लिहिते.

रमीनचा प्रसंग बघून मला आमच्या वर्गाचा ग्रुप आठवला. एका मुलाच्या वडिलांचं नाव बातमीत आलं होतं, वाईट कारणासाठी. दोन दिवस सगळे त्याला ग्रुपवर काहीबाही लिहीत होते. मग तो ग्रुप सोडून गेला. तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की आपण चांगल्या बाजूचे आहोत.

माझा एक प्रश्न आहे. गाडी खरंच समोर आली होती. पकडलं असतं तर मार्जीला शिक्षा झाली असती. मग तिने काय करायला हवं होतं? आजीला बोलायला सोपं आहे.

---

हर्णैची_लेक

फार चांगला प्रश्न आहे बाळा. ती लिपस्टिक पुसू शकली असती, वळून निघून जाऊ शकली असती. पकडली गेली असती तर कदाचित दंड झाला असता, कदाचित फटके. आजी ‘घाबरू नकोस’ असं म्हणतच नाही. घाबरलीस तर घाबर, पण तुझी भीती दुसऱ्याच्या अंगावर टाकू नकोस, एवढंच तिचं म्हणणं आहे असं मला वाटतं.

---

मांडवीकर

बाबांनी सांगितलेली एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. बंदर अब्बासला जहाज लागलं की तिथले अधिकारी वर यायचे, दारूच्या कोठीला सील ठोकायचे आणि बायकांचे फोटो असलेली मासिकं शोधायचे. एकदा जेवणाच्या खोलीत बाकाखाली एक मासिक सापडलं. कोणाचं, असं विचारलं. कोणी बोलेना. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा गॅलीतल्या (जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या) पोऱ्याकडे वळल्या. सगळ्यात लहान, पहिलीच सफर, इंग्रजी येत नाही, फारशी येण्याचा तर प्रश्नच नाही. बाबा म्हणायचे, माझीपण नजर वळली होती, कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप वळली.

तेवढ्यात म्हातारा चीफ कूक पुढे आला आणि म्हणाला, माझं आहे. त्याचं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. जहाजाच्या एजंटने दंड भरला आणि तो त्याच्या पगारातून कापला गेला. तो गुहागरकडचा मुसलमान गृहस्थ, घरी तीन मुली. पोऱ्याने नंतर त्याच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तर त्याने त्याला कांदे चिरायला बसवलं.

ज्याचं मासिक होतं तो माणूस त्या रात्री जेवला नाही, असं बाबा सांगायचे. तो कोण, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

---

दहावी_वेंगुर्ला

काका, ही गोष्ट मी आमच्या ग्रुपवर टाकू का? त्या मुलाला परत घ्यायचं आहे.

---

मांडवीकर

टाक. पण आधी त्याला एकट्याला भेट. ग्रुपवर नंतर.

---

अनुजा_चिपळूण

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. मला आमच्या सोसायटीत मुलांना दाखवायचा आहे. सातवीतल्या मुलाला चालेल का? आणि भाषेचं काय केलंत? मूळ फ्रेंच आहे ना?

---

सुरंगीवळेसर

अनुजा, अमेरिकेत त्याला तेरा वर्षांखालच्यांसाठी पालकांनी सावध राहावं असा दर्जा आहे. मला आठवी-नववीपासून बरा वाटतो. मृत्युदंड, बॉम्बहल्ला, गच्चीवरून पडून झालेला एका तरुणाचा मृत्यू, आणि काही शिव्या आहेत. सातवीतल्या मुलाबरोबर स्वतः बसून पाहिलात तर चालेल, एकट्याला लावून देऊ नका.

मूळ फ्रेंच. मार्जान आणि तिची आई यांचे आवाज कियारा मास्त्रोयानी आणि कात्रीन दनव या खऱ्या मायलेकींचे आहेत, आणि आजीचा आवाज दानिएल दारियूचा, तो तर चुकवूच नका. इंग्रजी डबिंगही आहे. आम्ही फ्रेंच लावला, खाली इंग्रजी अक्षरं, आणि मी मध्ये थांबवून मराठीत सांगत गेले. दीड तासाचा सिनेमा आहे, आम्हाला अडीच तास लागले. कोणाची तक्रार नव्हती.

थांबायच्या जागा सांगते: रमीनच्या मागे धावतात तिथे, कैदी घरी येऊन बोलतात तिथे, आणि आजी ओरडते त्यानंतर. तिसऱ्या जागी पुढे जायची घाई करू नका. मुलांना बोलू द्या, आणि आईबापांनाही. आमच्याकडे तिथे सगळ्यात आधी एक बाबा बोलले, मुलं नाही. आणि सुरुवातीलाच १९३६ आणि १९७९ दोन्हींबद्दल सांगा, हर्णैच्या ताईंनी लिहिलंय तसं. माझं टाचण व्यक्तिगत निरोपाने पाठवते.